परदेशासाठी तीन कोप्या

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानं निदान जिल्ह्याची हद्द तरी ओलांडलेली असावी, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मी ती ओलांडलेली नाही. केडगावहून निघालो, तीन दिवस जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरलो आणि शेवटी नागापूरला, म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन जिथं कामाला जातो तिथंच, जाऊन पोचलो. तरीही हा प्रवास आंतरराष्ट्रीय होता असं माझं म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं वेगळं आहे, ते ओघात येईलच.

नागापूरच्या एमआयडीसीत आमचा ताडपत्रीचा कारखाना आहे. ‘आमचा’ म्हणजे शेठचा, मी तिथं मॅनेजर. कांद्याच्या ढिगावर, ट्रकवर आणि लग्नाच्या मांडवावर घालायचं कापड आम्ही शिवतो. मधल्या काळात धंदा बसला आणि शिवणखात्यातल्या चाळीस बायकांना अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस घरी, अशी वेळ आली. तेवढ्यात कळलं, की परदेशातल्या एका युद्धात घरंदारं सोडून पळालेल्या लोकांच्या मदतीला आपल्या सरकारनं निधी मंजूर केलाय. त्या निधीतून रोख रक्कम न देता वस्तू पाठवायच्या होत्या आणि त्या वस्तूंत तंबू होते. शेठनी अर्ज केला. नमुन्याचा तंबू पास झाला तर चाळीस बायकांना वर्षभर पूर्ण दिवस काम, आणि नापास झाला तर शिवणखातं कायमचं बंद, असं त्यांनी मला केबिनचं दार लावून सांगितलं.

अर्जासोबतचं पत्र मी लिहिलं होतं आणि त्यात मी जरा वाहवत गेलो होतो. ‘आमच्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं वर्षातले सहा महिने कोपीत काढतात, त्यामुळे तात्पुरत्या निवाऱ्याचं ज्ञान आमच्या मातीतच आहे,’ असं मी त्यात ठोकून दिलं होतं. कोपी म्हणजे बांबू, उसाचं पाचट आणि ताडपत्री यांची फडाकडेला बांधलेली झोपडी. तिच्यात मी जन्मात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. एसटीच्या खिडकीतून पाहिली होती, तेवढंच माझं मातीतलं ज्ञान.

मग एके दिवशी नमुना तपासणाऱ्या सरकारी मॅडमचा फोन आला. मी शिवणखात्यात उभा होतो आणि यंत्रं धडधडत होती.

“शुक्रवारी येतेय. तंबू उभा करून ठेवा,” मॅडम म्हणाल्या. “आणि तीन कोपी तयार ठेवा.”

“कोपी?” मी ओरडून विचारलं.

“हो, तीन. एक दिल्लीला जाईल, एक परदेशात जाईल आणि एक तुमच्याकडे राहील.”

माझ्या अंगावर काटा आला. माझं पत्र दिल्लीत कुणीतरी वाचलं होतं! मी धावत जाऊन शेठना सांगितलं, की आपली कोपी परदेशात निघाली. शेठनी चष्मा काढला आणि म्हणाले, “मग ती उभी करून दाखवायला तुलाच जावं लागेल.” त्याच संध्याकाळी मी चाकांची मोठी बॅग आणि तिकडच्या थंडीसाठी अंगाला चिकटणारे गरम कपडे विकत घेतले. रात्रीपर्यंत निम्म्या केडगावला माझ्या परदेशवारीची बातमी होती आणि ती माझ्याकडूनच होती.

बुधवार : पाथर्डीच्या पलीकडे

कोप्या बांधणारी माणसं कुठली, तर पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून कारखान्याचा टेम्पो घेऊन पाथर्डीकडे निघालो. टेम्पोत नमुन्याचा तंबूही टाकला, कारण कारखान्याच्या काँक्रीटवर तो कधी खुंटी ठोकून उभा केलेला नव्हता आणि शेठचं म्हणणं, की एकदा मातीत उभा करून बघ.

“पाथर्डीला चाकांची बॅग?” बायकोनं दारातच विचारलं.

“सराव नको का?” मी म्हणालो.

 ती बबन ड्रायव्हरकडे बघून फक्त हसली आणि बबननं बॅग ताडपत्रीखाली झाकून ठेवली.

करंजीचा घाट चढून गेलं की हवा बदलते, रान उघडं पडतं आणि बाभळी वाढतात. पाथर्डीही मागे टाकून आम्ही एका वस्तीवर पोचलो. बॅग मी हट्टानं स्वतः ओढत नेली आणि वीस पावलांत तिचं एक चाक दगडात अडकून निखळलं. वस्तीवर पंधरा-वीस घरं होती आणि शेवटचं सोडून प्रत्येक घराला कुलूप होतं. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारबा शेळीच्या पायाला तेल चोळत बसले होते. सोपानबाबा त्यांचं नाव.

“कोन पायजे?”

“कोप्या बांधणारी माणसं पाहिजेत.”

“ह्या म्हैन्यात?” बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आवो, दिवाळी झाली की गाव उठतं. आत्ता हितं मी हाय, शेळ्या हायत आन कुलपं हायत. मान्सं नेवाशाकडं, फडावर. तुमी कुनीकडून आला?”

“नगरहून.”

“मंजी नेवासा जवळ सोडून हिकडं आला व्हय?” आणि ते जे हसायला लागले, ते शेळीनं पाय काढून घेतला तरी थांबेनात. ज्ञान ज्या मातीत आहे म्हणून मी दिल्लीला कळवलं होतं, त्या मातीत जानेवारीत कुणी नसतं, एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं. बबनला ते माहीत होतं. “तुम्ही विचारलं नाही,” तो म्हणाला.

एवढ्या लांब आलेल्या माणसाला उपाशी कसं लावून द्यायचं म्हणून बाबांनी शेंगोळे केले. हुलग्याचं पीठ मळून, तळहातावर वळून त्यांनी ते लसणाच्या फोडणीच्या पाण्यात सोडले. आमच्याकडे पुरुष माणूस चुलीपुढे बसला तर ती घरात चर्चेची गोष्ट होते. बाबा मात्र सहा महिने स्वतःच रांधतात, कारण त्यांची बायको यमुनाबाई मुलगा-सुनेबरोबर फडावर असते. ते दोघं ऊस तोडतात आणि ती कोपी सांभाळते. मी ताटलीभर शेंगोळे खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले.

जेवताना भिंतीकडे लक्ष गेलं. एका लांब खिळ्यावर किल्ल्यांचा झुबका लटकत होता आणि प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली होती.

“सगळ्या वस्तीच्या किल्ल्या,” बाबा म्हणाले. “पट्टा पडला की येत्यात आन आपापली चिंधी वळखून घेत्यात.”

साखर कारखान्याचं गाळप संपून ऊस वाहून नेणारा पट्टा थांबला, की पट्टा पडला म्हणतात. तो पडला की सगळ्यांनी घरी यायचं, असा सरळ हिशोब.

निघताना बाबांनी निरोप दिला. “म्हातारीला सांगा, शेळी व्याली. दोन पिल्लं, दोनी पाटी.” पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, हे मला बबननं वाटेत सांगितलं.

गुरुवार : नेवाशाच्या अलीकडे

रात्र शेवगावच्या एका लॉजवर काढली. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की गरम कपड्यांचा तिथं उपयोग झाला असता, पण ते मी परदेशासाठी राखून ठेवले होते. सकाळी नेवाशात आईनं लावलेल्या शिस्तीप्रमाणे देवळातल्या प्रसिद्ध खांबाला डोकं टेकवलं आणि विचारत विचारत फडावर गेलो.

प्रवरेच्या बाजूचा तो सगळा मुलूख उसानं भरलेला होता. एका पाटचारीच्या कडेला तीस-चाळीस कोप्या होत्या, मध्ये बैल बांधलेले, आणि उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, म्हणजे वाढ्यांचा, वास सगळीकडे. तोडणारे पहाटेच फडात गेले होते. वस्तीवर म्हाताऱ्या बाया आणि झोळीतली पोरं होती. यमुनाबाई कोपीच्या तोंडाशी बसून बाजरी पाखडत होत्या. मी आधी निरोप दिला.

“दोनी पाटी?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “म्हातारा खोटं बोलत आसंल. मला बरं वाटावं म्हनून.”

मग मी कामाचं सांगितलं, की तीन कोप्या पाहिजेत आणि त्यातली एक परदेशात जाणार आहे.

“परदेशात? तिथं काय ऊस हाय व्हय?”

“ऊस नाही. युद्ध आहे. लोक घरं सोडून पळालेत, त्यांना राहायला.”

 “मंजी उठल्याली मान्सं,” त्या म्हणाल्या. “मग दीते बांधून. पन आदी तुमचा तंबू तर दावा.”

बबननं आणि मी तंबू उभा केला. खरं तर तो बबननं केला, मी खुंट्या मोजल्या. पांढरंशुभ्र कापड, दाराला चेन, वर खिडकीची जाळी. मी अभिमानानं चार पावलं मागे सरून बघायला गेलो आणि पाचवं पाऊल पाटचारीत पडलं. पाठोपाठ मीही पडलो. कंबरेपर्यंत चिखल. दुपार अंग आणि विजार धुण्यात गेली. तोवर यमुनाबाईंनी आणखी दोघींना घेऊन बांबूच्या कामट्या आणि पाचट जमवलं आणि कोप्यांच्या जुळणीला लागल्या. संध्याकाळी फडातली माणसं डोक्यावर वाढ्यांचे भारे घेऊन परत आली तेव्हा मी ओल्या कपड्यांनी कुडकुडत होतो. शेवटी बॅगेतले गरम कपडे काढले आणि ते घालायला तंबूत शिरलो. दाराची चेन नीट लावून घेतली. मी लाजरा माणूस आहे.

विजार काढताना मी एका पायावर उड्या मारतो, ही सवय लहानपणची. नवी गरम विजार फारच घट्ट होती, त्यामुळे उड्या जास्त झाल्या. बाहेर एकदम हशा पिकला. मला वाटलं, बैल सुटला असावा. हशा वाढला तसा मीही आतून हसलो, कारण लोक आनंदात आहेत हे बरंच. मग बबनचा आवाज आला, “साहेब, बसून घाला. सगळं दिसतंय.”

सूर्य तंबूच्या मागे मावळत होता. पांढऱ्या कापडावर मी आख्खा उमटलो होतो, पोटासकट, आणि चाळीस कोप्यांची वस्ती समोर बसून बघत होती.

बाहेर आलो तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर माणसं हसत होती. मीही हसलो, दुसरं काय करणार. यमुनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला आपल्या कोपीत नेलं. आत वाकूनच शिरावं लागलं. ताडपत्रीच्या आतून सगळीकडे जुनं, काळपट लुगडं ताणून शिवलेलं होतं.

“तुमच्याच परकारची ताडपत्री हाय ही,” त्या म्हणाल्या. “आत चिमणी लावली की बाहेर सगळं दिसतं. सून आंग धुती, कपडे बदलती, लेकराला पाजती. म्हनून आमी आदी आतून लुगडं लावतो, मग चूल मांडतो. तुमी बापई मानूस, हासन्यावारी नेलं. तिथली बाई कशी हासंल?”

 इतकी वर्षं मी ताडपत्री विकतो. कापड जाड किती, पाणी गळतं का, उन्हानं फाटतं का, हे सगळं मला पाठ आहे. आत बाई असते हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं आणि त्याची मला फार लाज वाटली. सगळ्या वस्तीनं मला उघडं पाहिलं, त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटली.

मी शेठना फोन लावला आणि सांगितलं, की तंबूला आतून गडद अस्तर पाहिजे.

“सरकारच्या मंजूर तपशिलात अस्तर आहे का?” शेठनी विचारलं.

“नाही.”

“मग गप्प बस. तपशिलाबाहेरचा एक दोरा दिसला तरी नमुना नापास. चाळीस जणींना तू काय सांगणार आहेस, लुगडं नव्हतं म्हणून?”

 त्या चाळीस जणींची नावं मला तोंडपाठ आहेत.

शुक्रवार : नागापूर

पहाटे टेम्पोत तीन कोप्यांचं सामान भरलं. यमुनाबाई पुढे बसल्या. “उभी कराया कोन, तुमी?” असं विचारून, त्यांनी यायची गरज काय, ही माझी शंका त्यांनी मिटवली होती. मी मागे पाचटावर बसलो, तीन चाकांच्या बॅगेला टेकून. कारखान्याच्या मागच्या मातीच्या पट्ट्यात अकरा वाजेपर्यंत तीन कोप्या आणि एक तंबू ओळीनं उभे राहिले. शिवणखात्यातल्या बायका बघायला गोळा झाल्या.

मॅडम बारा वाजता आल्या. उंच, चटपटीत, बोलण्यात नागपूरचा हेल. कोप्यांपुढे येऊन त्या थबकल्या.

“हे काय आहे?”

“कोप्या, मॅडम. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन. ही दिल्लीची, ही परदेशाची आणि ही आमच्याकडे राहणारी.”

मॅडमनी कोप्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फायलीकडे पाहिलं. “मी कॉपी म्हणाले होते हो,” त्या म्हणाल्या. “तपशिलाच्या कागदाच्या. तीन कॉपी!”

शिवणखातं पदर तोंडाला लावून हसायला लागलं. शेठनी कपाळाला हात लावला. बबन शांतपणे म्हणाला, “झेरॉक्सचं दुकान नाक्यावरच आहे.” तो गेला आणि पाच मिनिटांत तीन कॉपी घेऊन आला. माझा तीन दिवसांचा प्रवास पाच मिनिटांचा होता, हे तेव्हा कळलं.

मॅडमनी तंबू तपासला. लांबी, रुंदी, शिवण, खुंट्या, चेन, सगळं तपशिलाबरहुकूम निघालं. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि शेठ श्वास रोखून उभे राहिले. मला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात एवढं सोपं काम मला कुणी दिलं नव्हतं. पण तंबूशेजारी यमुनाबाई उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

“मॅडम, एक मिनिट,” मी म्हणालो. 

शेडमधून हॅलोजनचा दिवा आणून मी तंबूच्या आत ठेवला. तंबू शेडच्या सावलीत आला होता. बॅगेतून ती गरम विजार काढली, आत गेलो, चेन लावली आणि अंगातल्या पँटवरूनच ती विजार चढवायला लागलो. मुद्दाम एका पायावर उड्या मारल्या. बाहेर चाळीस बायका खिदळत होत्या. ज्यांना मी रोज वेळेवर या म्हणून दटावतो, त्याच ह्या बायका. मॅडमचं हसणंही मला आत ऐकू आलं.

मग यमुनाबाईंचा आवाज आला. “बाई, आता तुमी आत जा.”

हसणं थांबलं. मी बाहेर आलो. मॅडम तंबूच्या दाराशी उभ्या होत्या. आत दिवा जळत होता. त्यांनी एकदा शेठकडे पाहिलं, एकदा बबनकडे, मग माझ्याकडे. त्या आत गेल्या नाहीत.

“तपशिलात अस्तर नाही,” त्या म्हणाल्या. “वरून मंजुरी आणावी लागेल. वेळ जाईल. नाहीही मिळणार. ती मिळेपर्यंत मला हा नमुना पास करता येणार नाही.”

शेठ काही बोलणार होते. पण मागून शिवणखात्यातल्या सगळ्यात जुन्या सुमनबाई म्हणाल्या, “जाऊ द्या वेळ. अस्तर आम्ही शिवू.” अर्ध्या दिवसाच्या कामावर घर चालवणाऱ्या बाईनं ते म्हटलं, त्यामुळे शेठ गप्प बसले.

मॅडमनी शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. रकाना संपला, तशा त्या मागच्या कोऱ्या पानावर गेल्या. मग म्हणाल्या, “सुधारित तपशील पाठवा. तीन प्रती.” प्रती हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश उच्चारला.

निघण्यापूर्वी यमुनाबाईंनी त्यांना विचारलं, “बाई, तिथला पट्टा कदी पडतो?”

मॅडमना कळेना. मी अर्थ सांगितला, की त्या लोकांनी घरी कधी जायचं, असं विचारतायत.

मॅडमनी फाईल उघडली. “कागदावर सहा महिन्यांचा निधी आहे.”

“कागदावरचं ऱ्हाऊ द्या. खरं कदी?”

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “कुणालाच माहीत नाही, मावशी.”

यमुनाबाईंनी मान हलवली. मग खाली बसून त्या परदेशाच्या कोपीची सुटलेली गाठ पुन्हा आवळायला लागल्या.

परत आल्यावर

मंजुरीची वाट बघण्यात बरेच आठवडे गेले. त्या आठवड्यांत शिवणखात्यात मी मान वर करून फिरलो नाही. शेवटी अस्तरासकट मंजुरी आली आणि चाळीस जणी पूर्ण दिवसावर रुजू झाल्या. तंबू परदेशी गेले. मी गेलो नाही, कोपी तर नाहीच नाही. निम्मं केडगाव अजून विचारतं, कधी निघताय. तीन चाकांच्या बॅगेत बायकोनं कांदे भरून ठेवलेत. कुणी आलं की ती म्हणते, “ह्यांची परदेशाची बॅग.”

पाडव्याच्या सुमारास यमुनाबाईंचा फोन आला.

“साहेब, पट्टा पडला आमचा. घरी आलो. समद्यांनी म्हाताऱ्याकडून आपापली किल्ली घेतली. आन दोनी पाटीच हायत हो, खोटं न्हवतं.”

मी म्हणालो, फार बरं झालं.

“तुमच्या त्या मान्सांचा पडला का पट्टा?”

“नाही हो अजून.”

पलीकडे शेळी ओरडत होती. यमुनाबाई म्हणाल्या, “मग आस्तराला टीप दुहेरी मारा.”

त्या दिवसापासून आमच्याकडे अस्तराला दुहेरी टीप मारतात. मंजूर तपशिलात ती नाही.